पारा ३४ अंशांवर, तरी जीव कासावीस का होतो?

मे महिना उजाडला की वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर शहरांच्या कमाल तापमानाचे कोष्टक झळकू लागते. चंद्रपूर, अकोला, नागपूर यांच्यापुढे ४३, ४४, कधी ४५ असे आकडे असतात; पणजीपुढे ३३ किंवा ३४. केवळ कोष्टक पाहणाऱ्याला गोमंतकीय माणूस भाग्यवान वाटेल. प्रत्यक्षात त्याच दुपारी पणजीच्या मासळी बाजारात बसलेली विक्रेती, पर्वरीत नव्या इमारतीच्या स्लॅबवर सळ्या बांधणारा मजूर आणि म्हापशाच्या बसस्थानकावर ताटकळणारे आजोबा या तिघांचाही जीव कासावीस झालेला असतो. घामाच्या धारा लागतात, कपडे अंगाला चिकटतात आणि तरीही गारवा म्हणून लाभत नाही. विदर्भातून आलेला पाहुणाही दोन दिवसांत कबूल करतो की, आमच्याकडचे ऊन कडक खरे, पण हे असे होत नाही.

आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वीच टिपून ठेवला आहे. कोरड्या आचेवर पदार्थ भाजला जातो आणि वाफेवर उकडला जातो. ही दोन्ही क्रियापदे स्वयंपाकघरातली. पण विदर्भातल्या उन्हाविषयी बोलताना माणूस सहज ‘भाजते’ म्हणतो आणि किनारपट्टीवरचा माणूस ‘उकडते’ म्हणतो. हा भेद केवळ बोलण्यातला नाही, तो भौतिकशास्त्राच्या कसोटीवरही टिकतो. पाऱ्याचा आकडा हवा किती तापली आहे एवढेच सांगतो. शरीराच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो: आपल्या आत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यास ही हवा वाव देते की नाही?

उष्णता आणि तापमान

नित्याच्या बोलण्यात आपण उष्णता आणि तापमान हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी या दोन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. तापमान म्हणजे एखादी वस्तू किती तापली आहे याचे माप. उष्णता म्हणजे अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाणारी ऊर्जा. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते तेव्हा तिचे तापमान शेकडो अंश असते, तरी क्षणभर चटका बसण्यापलीकडे काही होत नाही, कारण त्या कणात उष्णता अगदी थोडी असते. उकळत्या पेजेचे तापमान त्या मानाने कितीतरी कमी, पण पळीभर पेज हातावर सांडली तर फोड येतात. इजा किती होणार हे तापमानाइतकेच उष्णता किती आणि कोणत्या वेगाने येते यावर ठरते. शरीरातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेलाही हाच नियम लागू आहे.

न विझणारी चूल

आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हाही हृदय, यकृत, मेंदू, स्नायू यांचे काम चालूच असते. अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ८० ते १०० वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. म्हणजे जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा दिवा अहोरात्र पेटता ठेवावा तसे. कष्टाच्या कामात हा आकडा ३०० ते ५०० वॅटपर्यंत जातो, कारण स्नायू आपल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवतात. उरलेली सारी उष्णता होते.

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल, याचा हिशेब करता येतो. ७० किलो वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढवण्यासाठी सुमारे २४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्या हिशेबाने नुसते बसून राहिलेल्या माणसाचे तापमानही तासाभरात अंशापेक्षा थोडे अधिकच वाढेल आणि घमेली वाहणाऱ्या मजुराचे पंधरा मिनिटांत तेवढेच वाढू शकेल.

शरीराला मात्र अंतर्भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपासच ठेवावे लागते. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ मध्ये ३७ अंश हा आकडा रूढ केला. पुढच्या पाहण्यांत सरासरी त्याहून किंचित कमी आढळली आणि दिवसभरात ती अर्ध्या-पाऊण अंशाने खालीवर होते हेही स्पष्ट झाले. पण मर्यादा अरुंदच राहिली. अंतर्भागाचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदूचे कार्य बिघडू लागते. ३७ ते ४० या तीन अंशांतच आपले सारे आयुष्य चालते.

बाहेर जाण्याच्या चार वाटा

शरीरातील उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते आणि तेथून चार मार्गांनी बाहेर पडते. थंड फरशीवर पाठ टेकली की ती थेट फरशीत जाते, हे वहन. अंगाला लागून तापलेली हवा वाऱ्याने सरते आणि तिची जागा ताजी हवा घेते, हे अभिसरण. भोवतालच्या भिंती, छप्पर, जमीन त्वचेहून थंड असतील तर स्पर्शाविनाही उष्णता त्यांच्याकडे जाते, हे प्रारण. चौथी वाट बाष्पीभवनाची, म्हणजे घाम वाळण्याची.

यांपैकी पहिल्या तीन वाटांना एक अट आहे. भोवताल त्वचेपेक्षा थंड हवा. उन्हाळ्यात आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवाच ३४ अंशांची झाली की वहन आणि अभिसरण जवळजवळ थांबतात. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब तर त्वचेहून कितीतरी गरम असतो, त्यामुळे प्रारणाची वाट उलटी वाहू लागते. रात्री दहा वाजताही वरच्या मजल्यावरच्या खोलीत डोक्यावरून झळ येते ती याचमुळे. उंच कौलारू छपराच्या जुन्या घरांत छपराखालची तापलेली हवा फटींतून निघून जाते आणि कौले रात्री लवकर निवतात. सपाट स्लॅब मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर परत देत राहतो.

अशा वेळी उरते ती एकच वाट: घाम.

मडक्याचे शास्त्र

मातीच्या मडक्यातले पाणी थंड का होते, हे डिचोलीच्या कुंभारांना कोणी सूत्र मांडून सांगितले नव्हते. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता मडक्यातून खेचली जाते. द्रवाची वाफ होताना तापमान न वाढवता शोषल्या जाणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. ही कल्पनाही जोसेफ ब्लॅक यांचीच.

माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. मडक्यासारखेच त्या शरीराला बाहेरून ओले ठेवतात. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता निघून जाते. ७० किलोच्या शरीराचे तापमान जवळजवळ दहा अंशांनी वाढवू शकेल एवढी ही उष्णता आहे. निसर्गाने माणसाला दिलेली ही फार मोठी देणगी आहे.

तिचे सामर्थ्य चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज वैद्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसते. तो आणि त्याचे काही सहकारी सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबून सुखरूप बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी शिजून कडक झाली. तेथेच एका भांड्यात पाणी ठेवले होते. ते काही केल्या उकळेना, कारण त्याची सतत वाफ होऊन ते निवत होते. त्यावर थोडे तेल टाकताच वाफ अडली आणि पाणी उकळू लागले. माणसे जिवंत राहिली ती याच बाष्पीभवनामुळे.

गोव्याच्या मे महिन्यात आपल्या घामावर असेच एक झाकण पडते. ते तेलाचे नसते, हवेतल्या बाष्पाचे असते.

हवेत जागाच नसते

एक उदाहरण घेऊ. नागपुरात दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. पणजीत ३४ अंश आणि ७० टक्के. नागपूरच्या प्रत्येक घनमीटर हवेत तेव्हा सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प असते, पणजीच्या हवेत सुमारे २६ ग्रॅम. घामाने ओल्या झालेल्या ३५ अंशांच्या त्वचेला लागून असलेल्या हवेत हे प्रमाण ४० ग्रॅमच्या जवळपास असते. बाष्प जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे जाते. नागपुरात हा फरक ३१ ग्रॅमचा, पणजीत अवघा १३-१४ ग्रॅमचा. घाम वाळवणारी ओढच येथे निम्म्याहून कमी झालेली असते.

हाच फरक मोजण्याची एक साधी रीत आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले मलमलीचे फडके गुंडाळून त्यावर वारा खेळू दिला, की पाणी वाळत जाते आणि पारा उतरतो. तो जेथे स्थिरावतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. त्या हवेत बाष्पीभवनाने एखादी वस्तू जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, ते हा आकडा सांगतो. वरच्या उदाहरणात नागपूरचे वेट बल्ब तापमान सुमारे २२ अंश येते आणि पणजीचे २९ अंशांच्या वर. नेहमीच्या कोष्टकात आठ अंशांनी मागे असलेली पणजी या मोजमापात सात अंशांनी पुढे असते.

या सात अंशांना फार अर्थ आहे. वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर पोहोचले तर सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, अशी सैद्धांतिक मर्यादा स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडली. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी तरुण, निरोगी स्त्री-पुरुषांना नियंत्रित खोलीत हलक्या हालचाली करायला लावून ही मर्यादा प्रत्यक्ष तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दमट हवेत ३० ते ३१ अंश वेट बल्बलाच शरीराचे तापमान आवरेनासे होते. घरातली साधी कामे करण्याइतक्या श्रमाची ही मर्यादा आहे. खोदकाम करणाऱ्याची, वृद्धाची, हृदयरुग्णाची मर्यादा त्याहून अलीकडे असणार.

याचा अर्थ विदर्भातील उन्हाळा निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. ४२ अंशांची हवा शरीरात उलट उष्णता घालते, घाम न दिसताच वाळून जातो आणि पाण्याची तूट ध्यानात येत नाही. तेथील उष्माघाताचे बळी ही वस्तुस्थिती आहे. एवढेच की, दोन्हीकडचा धोका वेगळ्या जातीचा असून पाऱ्याचा आकडा त्यातला एकच दाखवतो.

मार्चचा इशारा आणि मेचा उकाडा

किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेले असेल, तर भारतीय हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. गोव्यात अशी स्थिती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा घाटावरून येणारे कोरडे पूर्वेकडचे वारे जोरात असतात, समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा झपाट्याने चढतो. मार्च २०२३ मध्ये याच कारणाने शाळा दुपारपूर्वी सोडण्याची सूचना द्यावी लागली होती.

मे महिन्यात खारे वारे वेळेवर येतात आणि पारा ३३-३४ वर रोखून धरतात. लाटेची व्याख्या पूर्ण होत नाही. मात्र तेच वारे सोबत बाष्प घेऊन येतात. हवामान खाते अशा दिवसांसाठी उष्ण व दमट हवेचा इशारा देते, पण लोकांचे लक्ष मुख्यत्वे आकड्याकडे असते आणि ३४ हा आकडा कोणाला घाबरवत नाही. तापमानाच्या कोष्टकात आर्द्रतेचा रकानाही तेवढ्याच ठळकपणे छापला जावा, असे आम्हा वृत्तपत्रवाल्यांनाही सांगावेसे वाटते.

किनारपट्टीवरील उन्हाला कमी लेखण्याची किंमत किती भयंकर असते, हे खारघरने दाखवले. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक तासन्‌तास उघड्या मैदानात बसले होते. परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भात त्याला कोणी फार म्हणणार नाही. त्या दिवशी उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला.

भार हृदयावर

उष्णता त्वचेकडे वाहून नेण्याचे काम रक्ताचे. एरवी मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी रक्त त्वचेतून फिरते. तीव्र उष्म्यात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. तेवढे रक्त ढकलण्यासाठी हृदयाला धावावे लागते. त्यातच घामामुळे रक्तातील पाणी घटलेले असते. उन्हाळ्यात चक्कर येणे, पायांत गोळे येणे, छातीत धडधडणे यांमागे ही ओढाताण असते. वाढत्या वयात घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी हा तोल आणखी नाजूक होतो. अशा रुग्णांनी औषधे स्वतःहून बंद न करता उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सवयीने शरीर शिकतेही. उष्ण हवेत रोज थोडे थोडे काम केल्यास एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातील मीठ कमी होते, रक्तातील द्रव वाढतो. म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात ते पहिले काही दिवस. परराज्यातून कालच आलेल्या, किंवा आजारपणानंतर कामावर परतलेल्या मजुराकडून पहिल्याच दिवशी पूर्ण काम घेणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे होय.

ताप वेगळा, उष्माघात वेगळा

दोन्हींत अंग तापते, पण कारणे निराळी. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान किती असावे ते ठरवतो. जंतुसंसर्गात तो ही पातळीच वर नेतो; शरीर जाणूनबुजून तापते, म्हणून थंडी वाजते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी ३७ वरच असते. बाहेर जाण्याच्या वाटा बंद झाल्यामुळे उष्णता साठत जाते. तेथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तेथे शरीर बाहेरून थंड करणे हाच उपचार.

उन्हात किंवा उकाड्यात माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. घाम थांबला तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघात झाला असतानाही घाम येत असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये. रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास काखेत, मानेवर, जांघेत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मेंदू वाचतो की नाही, हे बहुधा या पहिल्या अर्ध्या तासात ठरते.

घामाला वाव द्यावा

हा सारा खटाटोप घाम वाळवण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवले की उपायांची निवड सोपी होते. टपकून पडलेला किंवा रुमालाने टिपून घेतलेला घाम शरीरातले पाणी नेतो, पण उष्णता फारशी नेत नाही. त्वचेलगतची दमट हवा सतत हटवली तरच तो वाळतो. म्हणून गोव्याच्या उकाड्यात पंखा ही चैन ठरत नाही. हवा ४० अंशांपेक्षा कमी असेल तोवर पंखा वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. आपल्याकडे पारा त्याच्या बराच खाली असतो. पंख्यासमोर बसून हात, मान, चेहरा पाण्याने ओला करावा. त्वचेवरचे पाणी घामाचेच काम करते आणि शरीरातले पाणी वाचते. बंद खोलीत कूलर लावल्याने मात्र आर्द्रता वाढते, त्यामुळे विदर्भात वरदान ठरणारा कूलर येथे बहुधा निकामी ठरतो.

कष्टाचे काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहानेची वाट पाहू नये. घामाबरोबर मीठही जाते. मीठ घातलेली पेज, ताक, लिंबू-सरबत ही पेये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. उन्हाळा हा हुर्राकाचाही हंगाम असतो. पण मद्याने लघवी वाढते आणि सावधपणा उणावतो. दुपारच्या उकाड्यात ते तहानेवरचे औषध समजणे धोक्याचे आहे.

पंख्याखाली बसण्याचे भाग्य नसलेल्यांसाठी हे उपाय अपुरे आहेत. बांधकामावर, रस्त्याच्या कडेला, काजूच्या बागायतीत राबणाऱ्याच्या शरीरात विश्रांती घेणाऱ्यापेक्षा तीन-चार पट उष्णता निर्माण होत असते आणि ती वाहून नेण्याइतकी जागा हवेत नसते. त्याच्यासाठी उष्णता कमी निर्माण होऊ देणे, म्हणजे काम थांबवणे, हाच खरा उपाय उरतो. दुपारी बारा ते चारची जड कामे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घेणे, जागेवर सावली आणि पिण्याचे पाणी ठेवणे, तासागणिक थोडी विश्रांती देणे आणि नव्या माणसाचे काम आठवडाभर हळूहळू वाढवणे हे कंत्राटदाराच्या हातात आहे. त्यासाठी पारा चाळिशी गाठण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या हवेत ३४ अंश पुरेसे असतात.